बेचाळीस बटणांचा टप

गफूरभाईंनी माझं माप घेतलं तेव्हा आमची ओळखसुद्धा झालेली नव्हती. मी पौडच्या स्टँडवर एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवून घेत होतो. समोरच्या शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर एक किडकिडीत गृहस्थ बिडी ओढत बसले होते. त्यांनी मला एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर न्याहाळलं आणि शेजारच्या पानवाल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, "छाती साडेचौतीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. जड ब्याग वागवायची सवय हाय. ह्योच नवा डाक्टर."

छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराची ही गोष्ट. मी नुकताच डॉक्टर झालो होतो आणि पुण्यात आधीच डॉक्टर फार झाले म्हणून मुळशी तालुक्यात, पौडला दवाखाना थाटायला आलो होतो. पुढे गफूरभाईंनी मला सदरा शिवला. टेप गळ्यात लोंबत होती, पण तिला त्यांनी हातही लावला नाही. मी विचारलं, मग ही कशाला? तर म्हणाले, "ही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. लोकांचा डोळ्यावर इस्वास बसत न्हाई, इंचावर बसतो." सदरा अंगात असा बसला की माझ्या बायकोने, सुमतीने, मी बारीक झालो की काय म्हणून दोन वेळा विचारलं. स्वतः गफूरभाईंच्या सदऱ्याला मात्र कायम एक बटण कमी असे.

त्यांच्या डोळ्याचा खरा प्रताप मला वर्षभरात कळला. एके दिवशी ते दवाखान्यात आले आणि बाकावर बसले. मग म्हणाले, "पिरंगुटची एक सून हाय. सा म्हैन्यांत तिसऱ्यांदा तिचं पोलकं आत घेतोय. घरचे म्हंत्यात माहेरची आठवण काडतीया. डाक्टर, आठवणीनं मानूस रडतं, चार इंच कमी हुत न्हाई." मी काहीतरी निमित्त काढून त्या घरी गेलो. मुलीला क्षय होता, पण अजून हाताबाहेर गेलेला नव्हता. इंजेक्शनं दिली, अंडी-दूध चालू केलं. सात-आठ महिन्यांनी गफूरभाई भर बाजारातून दवाखान्यात धावत आले. हातात त्या सुनेचं पोलकं होतं. बाकावर बसलेल्या पेशंटांच्या डोक्यांवरून ते माझ्यापुढे नाचवत त्यांनी सांगितलं की आज शिवण उसवली, दोन बोटं सोडली. पेशंटांना काही कळलं नाही. मी उठून त्यांना मिठी मारली, तेही कोणाला कळलं नाही.

आता जीपचं सांगतो. खडकीच्या लिलावात मी लढाईतली एक जुनी जीप अठराशे रुपयांना घेतली होती. त्यातले हजार सासऱ्यांचे होते. गाडी धावायची उत्तम. तिचं दुखणं एकच होतं, वरचं कापडी छप्पर, ज्याला आम्ही टप म्हणत असू. तो इतक्या ठिकाणी शिवला होता की मूळ कापड कोणतं आणि ठिगळ कोणतं हे सांगणं अवघड. मे महिन्यात ताम्हिणीकडून परत येताना वळवाच्या वाऱ्याने तो एका झटक्यात उपटला. मी गाडी थांबवली. टप एखाद्या गिधाडासारखा दोन गिरक्या घेऊन धरणाच्या पाण्यावर उतरला आणि सावकाश बुडाला. शेजारी बसलेली सुमती म्हणाली, "चला, आता हवा तरी खेळती राहील."

पुण्यात एका हूडवाल्याकडे चौकशी केली. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि साडेचारशे रुपये सांगितले. पडदे, खिडक्या, पट्टे सगळं धरून. गाडीच्या चौथाई किमतीचं नुसतं कापड. तेव्हा माझ्या प्रॅक्टिसमध्ये नोटांपेक्षा कोंबड्या जास्त यायच्या, आणि सुगीत आंबेमोहोर. साडेचारशे रुपयांच्या कोंबड्या पुण्याला न्यायच्या तर त्यांच्यासाठी आणखी एक जीप लागली असती. आणि टपाशिवाय तर चालणार नव्हतं. मुळशीचा पाऊस एकदा आला की चार महिने हलत नाही. वरच्या वाड्यांतून आजारी माणूस आणायचं तर त्याला छत्रीखाली बसवून आणणं म्हणजे एका दुखण्याची दोन करणं.

हे रडगाणं मी गफूरभाईंच्या फळीवर बसून गात होतो. ते काजं करत होते. मान वर न करता म्हणाले की मी शिवतो. मला हसू आलं. म्हटलं, "गफूरभाई, तुम्ही आजवर जीपचा टप शिवलाय का?"

त्यांनी सुई थांबवली. "डाक्टर, तुमी पयलं बाळंतपण केलं, त्येच्या आदी किती केली हुती?"

दुसऱ्या दिवशी मी जीप त्यांच्या दारात उभी केली.

माप घेण्याचा तो सोहळा पौडमध्ये पुढे कितीतरी वर्षं सांगितला जात होता. गफूरभाईंनी आधी जमलेल्या लोकांना हाकललं. म्हणाले, माप घेताना गर्दी चालत नाही, लाजल्यावर अंग आखडतं. मग जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या. पुढून उकिडवं बसून पाहिलं, मागून लांब जाऊन पाहिलं. नंतर गळ्यातली टेप माझ्या गळ्यात घातली आणि निकाल दिला, "म्होरनं शिडशिडी, मागनं भारदस्त. हिला घट्ट शिवून चालायचं न्हाई, खड्ड्यातनं जाती. बगलेत सैल सोडाया लागंल." जीपची बगल कोणती हे मला अजून ठाऊक नाही. त्यांना ठाऊक होती.

कापड आणायला ते स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि साठ रुपयांत मिलिटरीचा एक जुना तंबू घेऊन आले. खाकी, जाड, पाण्याचा थेंब आत न घेणारा. येताना लष्करी ओव्हरकोटांची मोठाली बटणंही वजनावर आणली. मग कामाला लागले. तंबूचं कापड त्यांच्या पायमशीनला झेपेना. पहिल्या दिवशी सात सुया मोडल्या, दुसऱ्या दिवशी चार, आणि तिसऱ्या दिवशी मशीनने आतून असा आवाज काढला की त्यांची बायको जैबुनभाभी स्वयंपाकघरातून पळत आली. त्यानंतर गफूरभाई चांभाराकडून आरी मागून आणून हाताने शिवायला बसले. जैबुनभाभी मेणबत्तीचे तुकडे वितळवून शिवणींवर मेण चोळत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तंबूच्या ढिगाऱ्यातून फक्त गफूरभाईंची टोपी दिसायची.

ही सगळी लग्नसराई होती, आणि गावातल्या यच्चयावत चोळ्या दुकानाच्या कोपऱ्यात गाठोड्यात पडलेल्या. बायका आधी गफूरभाईंना बोलल्या. मग त्यांना खरा आरोपी सापडला. एक काकू दवाखान्यात पाय दाखवायला आल्या आणि पाय दाखवायच्या आधी म्हणाल्या, "डाक्टर, तुमच्या गाडीला अंगरखा, आन आमी काय गोणपाट नेसून वरातीत जायाचं?" मी त्यांच्याकडून त्या दिवशी फी घेतली नाही.

बरोबर तेविसाव्या दिवशी गफूरभाईंचा निरोप आला की ट्रायलला या, आणि सुमतीताईंनाही आणा. ग्रामपंचायतीसमोरच्या वडाखाली निम्मं गाव जमलं होतं. या वेळी गर्दीला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी टप जीपवर चढवला, ओढला, थोपटला आणि चार पावलं मागे सरून उभे राहिले.

खोटं सांगत नाही, जीप देखणी दिसत होती. टप कुठे फुगला नव्हता, कुठे लोंबत नव्हता. मात्र तो शिंप्याने शिवला आहे हे लांबूनही कळत होतं. पडद्यांना हुक किंवा पट्टे नव्हते. काजं-बटणं होती. मी मोजली, बेचाळीस. पुढच्या काचेवर कापडाला छानपैकी कॉलर होती. आणि आतून, दोन्ही बाजूंना, एकूण आठ खिसे. मी खिशांचं कारण विचारलं तेव्हा ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. खिशाशिवाय कपडा शिवल्याचं त्यांच्या घराण्यात कोणी ऐकलं नव्हतं.

मी कौतुक करत करत डाव्या बाजूला गेलो आणि जागीच थांबलो. तंबूवरची जुनी काळी छापील इंग्रजी अक्षरं तिथे ठळक, अगदी मधोमध, बेतून बसवली होती. ऑफिसर्स लॅट्रीन. आणि खाली जरा बारीक अक्षरांत, इतरांस मनाई.

सुमतीने ते माझ्याबरोबरच वाचलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ताक झाकायचं विसरल्याचं सांगून घराकडे पळाली. गफूरभाई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या अक्षरांवरून त्यांनी तळहात फिरवला. "मिलिटरीचा शिक्का हाय. मालाची ग्यारंटी. मुद्दाम दर्शनी आणलाय." त्यांचे डोळे तेवीस दिवसांच्या जागरणाने लाल झाले होते आणि बोटांना सगळीकडे चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी म्हणालो, फार उत्तम केलंत.

शिलाई किती, विचारलं तर म्हणाले बारा रुपये. कोटाची शिलाई बारा असते. बाह्या नाहीत म्हणून दोन कमी करणार होतो, पण कॉलर लावली आहे. तंबू, बटणं, दोरा, मेण आणि शिलाई मिळून सगळा टप मला त्र्याऐंशी रुपयांत पडला. मशीन दुरुस्त करायला त्यांना पस्तीस रुपये लागले, हे मला पुढे जैबुनभाभींकडून कळलं. मी पैसे घेऊन गेलो तर ते चिडले. पेशंट तपासताना तुमची नळी तुटली तर पेशंटकडून भरून घेता का, असं त्यांनी विचारलं आणि मला चहा पाजून घरी पाठवलं.

अशा रीतीने मी मुळशीभर हिंडू लागलो. इंग्रजी वाचणारी माणसं तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे माझं भाग्य. शाळेच्या हेडमास्तरांनी मात्र एकदा गाडी थांबवली, चष्मा पुसला, मजकूर नीट वाचला आणि गंभीरपणे विचारलं, "हे खातंही आता आपल्याकडेच का?" मी त्यांना सगळं सांगितलं आणि गफूरभाईंना कळू देणार नाही असं वचन घेतलं. त्यांनी ते पाळलं. फक्त माझी गाडी दिसली की ते मान वळवून खोकत.

जुलैत धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून माणूस आला. सकाळपासून बायको अडली होती, सुईणीने हात टेकले होते. गफूरभाई दवाखान्यात बसले होते. न विचारताच ते मागे चढून बसले. शिवणी पावसात कशा वागतात हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. वाडीत पोचलो, बाईला तपासलं, तिला पुण्याला हलवणं भाग होतं. तिला आणि तिच्या सासूला मागे घेतलं. नवरा सामान घेऊन पायी निघणार होता. दोन मैल आलो आणि पुढचा ओढा रस्त्यावरून वाहत होता. मागे फिरलो तर ज्या ओढ्यातून नुकते आलो होतो तोही चढलेला. दुपारचे तीन वाजले असतील, पण ढगांमुळे सांज झाल्यासारखं वाटत होतं. मधल्या उंचवट्यावर गाडी उभी केली. तेवढ्यात सासू म्हणाली, "डाक्टर, ही काय आता थांबत न्हाई."

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, आणि उडी मारून खाली उतरले. बाहेरून त्यांनी पडदे लावायला सुरुवात केली. एरवी ती बटणं लावायला मला आणि सुमतीला पाव तास लागे आणि एखादं भांडणही होई. त्यांची बोटं मला फटीतून दिसत होती, भराभर खाली सरकत गेलेली. शेवटी वाऱ्याच्या बाजूचं एक काज फाटलं आणि पडदा फडफडू लागला. त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढून धरला आणि गाडीकडे पाठ करून तिथेच उभे राहिले.

आत एक थेंब येत नव्हता. कात्री एका खिशात, दोरा दुसऱ्या खिशात, स्पिरिटची बाटली तिसऱ्यात. पुढे मी मोठ्या हॉस्पिटलांत काम केलं, पण वस्तू इतक्या हाताशी मला कुठे मिळाल्या नाहीत. तरीही तास-दीड तास माझा जीव टांगणीला होता. बाळ आडवं होतं. एकदा तर मी मनातल्या मनात त्या नवऱ्याला काय सांगायचं ते जुळवू लागलो. मग कसं कोण जाणे, बाळ फिरलं. मुलगी झाली. ती अशी रडली की पावसाचा आवाज मागे पडला.

मी आतून ओरडून सांगितलं, "गफूरभाई, मुलगी झाली."

बाहेरून आवाज आला, "गळतंय का कुटं?"

"नाही."

"एकबी शिवण न्हाई?"

"एकही नाही."

मग त्यांनी हळूच विचारलं, "पोर आन माय बरी हायेत ना?" ओढा उतरला तेव्हा मी पडदा उघडला. दीड तास ते त्या पावसात पडदा धरून उभे होते. बोटं आखडून गेली होती, मला ती एकेक करून सोडवावी लागली. आणि ते हसत होते.

बारशाला गफूरभाईंना आणि मला मानाचं बोलावणं होतं. मी जीप अंगणात लावली. बाळाचा मामा पलटणीतून सुट्टीवर आला होता. तो बाहेर आला, गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आयला, ह्यो तर आमच्या छावनीतला संडासाचा तंबू." ओटीवर बसलेली सगळी माणसं गाडीकडे बघायला लागली. गफूरभाईंच्या हातात घुगऱ्यांची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"डाक्टर, तुमाला कदीपासनं म्हाईत हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन बोलला न्हाई."

"कसा बोलणार, गफूरभाई?"

ते उठले, अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून त्या अक्षरांसमोर उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेलो तर हा माणूस हसत होता. हसता हसता तो जीपच्या पायरीवर बसला, टोपी काढून तिने डोळे पुसू लागला. "म्हंजी म्या आख्ख्या मुळशीत हापिसरांचा संडास फिरवला," एवढं एक वाक्य बोलायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. मग ओटीवरची माणसं हसू लागली, बाळंतीण आतून हसू लागली, आणि मामा बिचारा सगळ्यांकडे बघत हात जोडून उभा. शेवटी गफूरभाई आत आले, पाळण्यात वाकून पाहिलं आणि सांगितलं, "हापिसरांच्या जागंत जलमली. ही पोर हापिसरच हुनार."

परतताना मी म्हटलं, त्या अक्षरांवर एक ठिगळ लावून टाका. त्यांनी मान हलवली. "ठिगळ लावलं की लोकं ठिगळाखाली काय हाय ते इचारत्यात. उगडं हाय तवर कुनी इचारत न्हाई."

टपाची कीर्ती पसरली. धरणावरच्या एका इंजिनियराने माणूस पाठवला, एका लाकूड ठेकेदाराने तर आगाऊ पैसे देऊ केले. दोघांनाही त्यांनी नकार दिला. मला नवल वाटलं, कारण घरात पैशाची चणचण होतीच. विचारलं तर म्हणाले, "दुसरा शिवला की पयल्यात काय चुकलं ते कळंल. मग मला झोप यायची न्हाई." जैबुनभाभींनी आतून पुस्ती जोडली की मशीन दुसऱ्यांदा मोडली तर मलाही झोप येणार नाही.

मी पौडला अकरा वर्षं काढली. गफूरभाई त्यातल्या दहाव्या वर्षी, चैत्रात, मशीनवर बसल्या बसल्याच गेले. मला बोलवायला आले, मी धावलो, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय अजून पायट्यावर होते. मशीनखाली लवळ्याच्या एका नवरीची चोळी होती, चार दिवसांवर आलेल्या लग्नाची. एक बाही पुरी झाली होती. दुसरी नुसती पांढऱ्या दोऱ्याने कच्ची टाचून ठेवली होती.

नवरीचा बाप मयतीला आला होता. जैबुनभाभींनी तशा दुःखातही त्याला निरोप पाठवला की बाही मी पुरी करून देते. नवरीने ऐकलं नाही. चोळी जशी होती तशीच मागवून घेतली.

लग्नाला मी आणि सुमती गेलो होतो. अक्षता पडल्या, नवरीने हार घालायला हात वर केला आणि हिरव्या खणावरचे ते बोटबोटभर पांढरे टाके सगळ्या मांडवाला दिसले. वराकडच्या एका मावशीला राहवलं नाही. तिने सगळ्यांदेखत विचारलं की शिंप्याने चोळी अर्धीच का दिली. नवरी खाली मान घालून उभी होती, ती तशीच म्हणाली, "गफूरभाईंच्या हातची हाय. ऱ्हायलीय तेवढी ऱ्हाऊ द्या."

मावशी पुढे झाली. तिने ती बाही हातात धरली आणि कच्च्या दोऱ्यावरून खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं.

"टाका मातर सरळ हाय," ती म्हणाली.